ज्वालामुखीचं पिल्लू नाही हो ते

मा. संपादक यांस,

परवाच्या अंकात शेवटच्या पानावर तुम्ही एक फोटो छापला होता, काळ्याकुट्ट सपाट लाव्हावर माणसाएवढा एक टोकदार ढिगारा आणि त्याच्या तोंडातून लालभडक शिंतोडे उडून राहिले होते. खाली लिहिलं होतं ‘ज्वालामुखीचं पिल्लू’, आणि पुढे असं की काही वर्षांनी याचाच मोठा पर्वत होईल. फोटो खरंच सुंदर होता, मराठी पेपरात असा फोटो एवढ्या मोठ्या साइजमध्ये येतो हेच मला खूप आवडलं. पण खालची ओळ चुकीची आहे, आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी तो फोटो ओळीसकट कापून भूगोलाच्या वहीत चिकटवला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. पत्र लांबेल, पण जागेसाठी कापायचंच झालं तर कृपया नागपूरचा भाग कापू नका.

तो ढिगारा पिल्लू नाही. त्याला हॉर्निटो म्हणतात आणि तो वाढून पर्वत होत नाही, कारण त्याला खाली खोलवर मूळच नसतं. होतं काय की पातळ बेसाल्ट लाव्हा उतारावरून वाहायला लागला की त्याचा वरचा थर हवेने लवकर थिजतो, आणि दगडातून उष्णता फार हळू बाहेर जाते त्यामुळे आतला लाव्हा तसाच हजार-अकराशे डिग्रीला पातळ राहून वाहत राहतो. वरून बघणाऱ्याला वाटतं सगळं शांत झालं, पण खाली बोगदा तयार झालेला असतो, त्याला लाव्हा ट्यूब म्हणतात. आता त्या बोगद्यात मागून लाव्हा येतच राहिला, पुढे वाट अडली, की आत दाब वाढतो आणि वरच्या थिजलेल्या थराला जिथे भेग असेल तिथून लाव्हा आणि गॅस दोन्ही बाहेर फुसफुसायला लागतात. घरी पिठलं रटरटायला लागलं की शिंतोडे ओट्यावर उडतात आणि जिथे पडले तिथेच घट्ट चिकटून बसतात, तसंच ते. हाताएवढे, कधी त्याहून मोठे वितळलेल्या दगडाचे गोळे भेगेच्या काठावर पडतात, पडताना अजून मऊ असतात म्हणून थापल्यासारखे चपटे होतात आणि खालच्या गोळ्याला वेल्डिंग केल्यासारखे जोडले जातात. एकावर एक, एकावर एक, असं करत भिंत उभी राहते, मधे पोकळ नळी राहते. म्हणूनच त्याच्या बाजू इतक्या उभ्या असतात. सुटे खडे असते तर ते घरंगळले असते, असा सरळसोट ढिगारा उभाच राहिला नसता.

याचा मोठा भाऊ म्हणजे स्पॅटर कोन. दिसायला बराचसा तसाच, शिंतोड्यांचाच बनलेला, पण तो बसतो थेट जमिनीतल्या भेगेवर, जिथून शिलारस खोलातून वर येतो. म्हणजे त्याला मूळ आहे. फरक फक्त एवढाच आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण स्पॅटर कोन बघितला की कळतं उद्रेक इथून झाला आणि हॉर्निटो बघितला की कळतं लाव्हा इथून फक्त जात होता, तोंड दुसरीकडेच आहे. भूगर्भशास्त्रवाले जुना लाव्हा वाचतात तेव्हा अशाच खुणा शोधतात, आणि आपण दोघांनाही एकाच पिशवीत टाकून पिल्लू म्हणून मोकळे होतो.

तुमच्या पेपरात ती ओळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक पारिकुटिन असेल, आणि तसं असेल तर मला त्यात काही वाईट वाटत नाही, ती गोष्टच तशी जबरदस्त आहे. मेक्सिकोत मिचोआकान राज्यात २० फेब्रुवारी १९४३ ला एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली, त्यातून राख आणि खडे उडायला लागले, आणि वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच डोंगर उभा राहिला. १९५२ पर्यंत चाललं ते. तो सिंडर कोन, म्हणजे हवेतच थंड झालेल्या खड्यांचा डोंगर, आणि त्याला पिल्लू म्हणा, जन्म म्हणा, काहीही म्हणा, शोभतं. पण फोटोतला ढिगारा त्या जातीचाच नाही. स्पॅटर कोन मात्र कधी कधी वाढतो हेही सांगते, नाहीतर कोणी मलाच पकडेल. हवाई बेटावर १९८३ च्या जानेवारीत किलाउआ ज्वालामुखीच्या अंगावर एक भेग उघडली, तिथला पुउ ओओ नावाचा शंकू शिंतोडे आणि खडे साचून साचून तीन-चार वर्षांत अडीचशे मीटरच्या आसपास गेला होता, मग कोसळत कोसळत खचला, आणि २०१८ मध्ये तिथला लाव्हा खालून दुसरीकडे निघून गेला. तो लाव्हा मे महिन्यात खालच्या वस्तीत रस्त्यांना आणि अंगणांना भेगा पाडून वर आला, एकामागून एक चोवीस भेगा, आणि सातशेहून जास्त घरं गेली. त्या भेगांच्या काठाने शिंतोड्यांचे बांध तयार झाले होते. लोकांच्या घरासमोर. म्हणून म्हणते की यातलं कुठलं काय आहे हे नीट सांगणं ही नुसती नावं पाठ करायची गोष्ट नाही, तिथल्या लोकांना पळायचं कुठे हे त्यावर ठरवावं लागलं.

त्याच मिचोआकानमध्ये आणखी एक ज्वालामुखी आहे, होरुयो, तो १७५९ मध्ये असाच शेतजमिनीतून उठला. १८०३ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट तिथे जाऊन आला तेव्हा त्याला सगळ्या माळावर हजारो लहान लहान उंचवटे वाफ सोडताना दिसले आणि त्याने त्यांचं वर्णन लिहून ठेवलं, तिथूनच हॉर्निटो हा शब्द सगळीकडे गेला. हंबोल्टला वाटलं की तो अख्खा माळच आतून हवा भरल्यासारखा फुगून वर आला. नंतरच्या लोकांनी ते नाकारलं, तो फुगवटा नव्हता, लाव्हाचेच थर एकावर एक पसरले होते. एवढा मोठा माणूस, तरी निष्कर्ष बदलावा लागला, पण त्याने जे पाहिलं ते इतकं नीट टिपून ठेवलं होतं की पुढच्यांना दुरुस्ती करता आली. मला हे वर्गात सांगायला फार आवडतं.

आणि टांझानियातला ओल दोइन्यो लेंगाई, मासाई लोकांचा देवाचा डोंगर. तिथला लाव्हा जगात वेगळाच आहे, नेहमीच्या सिलिकेट दगडाचा नाही तर सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचा, तापमान जेमतेम पाचशे ते सहाशे डिग्री, म्हणजे बेसाल्टच्या अर्धं. बाहेर येताना काळा आणि पाण्यासारखा पातळ, दिवसा तर तो लाल दिसतसुद्धा नाही, आणि हवेतला ओलावा लागला की थोड्याच दिवसांत पांढरा पडतो. त्याच्या विवरात काळे-पांढरे हॉर्निटो दाटीवाटीने उभे असायचे, काही तर घराहून उंच. २००७ मध्ये मोठा स्फोट झाला आणि ते सगळे उडाले, नंतर त्याच खड्ड्यात पुन्हा नवे तयार झाले. गूगलवर फोटो नक्की बघा.

अमेरिकेत आयडाहो राज्यात क्रेटर्स ऑफ द मून म्हणून जागा आहे, १९२४ पासून राष्ट्रीय स्मारक. तिथे एका लांब भेगेवर स्पॅटर कोनची रांगच आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. लोक चढून चढून, तुकडे काढून काढून ते झिजायला लागले म्हणून आता पक्की वाट आणि कठडे केलेत. १९६९ मध्ये अपोलोच्या अंतराळवीरांना दगड ओळखायला शिकवण्यासाठी त्या भागात आणलं होतं. दोन हजार वर्षं जुना शिंतोड्यांचा ढीग सांभाळतात ते लोक, आणि चंद्रावर जाणाऱ्याला आधी तिथे नेऊन दगड दाखवतात.

आता नागपूर.

आपल्या पायाखाली काय आहे हे किती जणांना माहीत आहे? साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा थरांवर थर पसरला, तोच दख्खनचा लाव्हा, आज उरलेला भागच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर आहे, सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. त्याचा पूर्वेकडचा काठ म्हणजे आपलं नागपूर. शहर मधोमध चिरल्यासारखं आहे, पश्चिमेला सेमिनरी हिल्स, सीताबर्डी, काटोल रोड, अमरावती रोड हा सगळा काळा बेसाल्ट, आणि पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुना खडक लागतो, कामठीकडे गोंडवनातला वाळूचा दगड. जगात अशा कडेवर वसलेली मोठी शहरं किती असतील! गिट्टीखदान हे नाव आपण रोज घेतो, बसवाला ओरडतो, ऑटोवाला विचारतो, पण ती गिट्टी म्हणजे थिजलेला लाव्हा आहे हे पोरांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. घराचा पाया, रस्त्याची खडी, रेल्वे रुळाखालचा दगड, सगळं तेच. कापसाची काळी माती तीच, झिजलेली.

सीताबर्डीच्या किल्ल्यावर १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये लढाई झाली हे आम्ही इतिहासात शिकवतो आणि बरोबरच आहे, पण ती टेकडी कशाची आहे हे भूगोलात शिकवत नाही. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण ज्यांच्या नावाने ते आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळीला जाऊन लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांचे जीवाश्म गोळा करायचे, आणि आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी १८५० च्या दशकात नागपूर परिसराच्या भूगर्भावर निबंध लिहिला, हे कितीजण सांगतील? त्या गोगलगायींचा अर्थ असा की एक लाव्हा आला, थंड झाला, मग बराच काळ काही नाही, तळी साचली, त्यात जीव आले, झाडं आली, आणि मग पुन्हा वरून लाव्हा. आपल्याच टाकळीत हे लिहून ठेवलेलं आहे, दगडात.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिंतोड्यांचे हे लहान ढिगारे आपल्या पोरांना समजले पाहिजेत, कारण आपला दगड ज्या पद्धतीने आला ती पद्धत त्यातून समजते, उंच टोकदार डोंगराच्या चित्रातून समजत नाही. पुस्तकात केंद्रीय आणि भेगीय असे दोन प्रकार दिलेले आहेत, पण चित्र डोक्यात बसतं ते फुजियामाचंच. मग पोरगं विचारतं, मॅडम, आपल्याकडे ज्वालामुखी कुठे होता, डोंगर तर दिसत नाही? अगं, डोंगर नव्हताच. भेगा होत्या, भेगांवर लाव्हाची कारंजी होती, कारंज्यांच्या काठाने शिंतोड्यांचे बांध आणि शंकू बनत असणार जसे आज हवाईत आणि आइसलँडमध्ये बनतात, आणि मग पुढच्या लाव्हाने ते गाडले, उरलेले कोट्यवधी पावसाळ्यांनी धुतले. पुणे, धुळे, दौंड या भागात लाव्हाच्या पाठीवरचे फुगवटे, ज्यांना ट्युम्युलस म्हणतात, ते अभ्यासकांना सापडलेत, तेही याच घरातले, फक्त ते शिंतोड्यांनी नाही तर आतल्या दाबाने वरचा थर उचलला जाऊन बनतात. म्हणजे दख्खनचा लाव्हा वरून थिजून आतून वाहत होता याची खूण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

आइसलँडचं सांगते, १९ मार्च २०२१ ला राजधानी रेकयाविकपासून फार लांब नाही अशा फाग्रादालस्फ्याल नावाच्या जागी भेग उघडली, त्या द्वीपकल्पावर आठशे वर्षांत उद्रेक झाला नव्हता, आणि लोक मोबाइल घेऊन चालत चालत बघायला गेले. शिंतोड्यांनी शंकू कसे बांधले जातात, एका बाजूची भिंत कशी ढासळते, लाव्हा कसा वाट काढतो, सगळं लाइव्ह. मी वर्गात मोबाइलवर दाखवलं, नेट अडकत अडकत का होईना, आणि त्या तासाला एक पोर जागचं हललं नाही.

म्हणून एक गोष्ट मनाला फार लागली ती लिहितेच. मागे एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या दोन मुलींनी मॉडेल नेलं होतं, सपाट पाट, त्यावर काळ्या रंगाने लाव्हाचा प्रवाह, एका बाजूने कापून आतला बोगदा दाखवलेला, वर मातीचे गोळे थापून थापून केलेले चार हॉर्निटो आणि एका भेगेवर स्पॅटर कोन वेगळ्या रंगाने. स्वतः वाचून केलं होतं पोरींनी. परीक्षकांनी विचारलं, डोंगर कुठे आहे? पोरींनी समजावायला सुरुवात केली तर ते म्हणाले ज्वालामुखी काढायचा होता ना, आणि पुढच्या टेबलावर खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस येणारा शंकू होता तिकडे गेले. त्यालाच नंबर मिळाला. ज्याने तो केला त्या मुलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, लहान आहे, हौसेने केलं. पण ज्या पोरींनी आपल्या जमिनीचं बरोबर चित्र मांडलं त्यांनाच चूक ठरवलं गेलं, आणि त्यातली एक मला म्हणाली मॅडम पुढच्या वर्षी आपण पण फेसवालाच करू. हे मला सहन होत नाही.

तसंच लोणारचं. अजूनही लोक सहज सांगतात की लोणार म्हणजे विझलेला ज्वालामुखी. नाही, ते उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे, बेसाल्टमध्ये पडलेलं, जवळपास १.८ किलोमीटर रुंद, म्हणूनच त्याचं एवढं महत्त्व. विदर्भात राहून आपल्याला एवढं तरी आलं पाहिजे. भारतातला जिवंत ज्वालामुखी बघायचा तर तो अंदमानात बॅरन बेटावर, १९९१ मध्ये दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हा जागा झाला आणि अधूनमधून धूर-राख सोडत असतो.

आता मागणं. एक तर चुकीची दुरुस्ती छापा, दोन ओळीत चालेल, हॉर्निटो म्हणजे काय एवढं लिहा. आणि पुढे जमलं तर रविवारच्या पुरवणीत नागपूरच्या दगडांवर काहीतरी चालू करा ना. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मोठं ऑफिस आपल्या सेमिनरी हिल्सवरच आहे, तज्ज्ञ शोधायला मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. रमण विज्ञान केंद्रात शाळेच्या सहली रोज येतात, तिथे एक कापीव मॉडेल ठेवलं, लाव्हा ट्यूब आणि वर हॉर्निटो, तर गावोगावच्या पोरांना दिसेल. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, जाणाऱ्यांना सीताबर्डीचा दगड हातात घेऊन बघता आला पाहिजे, गॅसचे बुडबुडे अडकून झालेली भोकं, त्यात नंतर भरलेली पांढरी खनिजं, भिंग दिलं की झालं.

आणि एक मोठं मागणं आहे, ते महापालिका आणि रस्तेवाल्यांना तुमच्यामार्फत. शहरात आणि आजूबाजूला खोदकाम चालूच आहे, समृद्धी महामार्ग तर शिवमडक्यापासून ७०१ किलोमीटर, बहुतेक सगळा याच लाव्हावरून जातो. रस्त्यासाठी टेकडी कापली की लाव्हाचे थर स्वच्छ दिसतात, खाली घट्ट दगड, वर भोकाभोकांचा, मधे कुठे लाल मातीचा पट्टा, तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला निवांत काळ. मग काही दिवसांत त्यावर सिमेंट मारतात किंवा भराव टाकतात. सगळीकडे उघडं ठेवा असं मी म्हणत नाही, दरड पडून कोणाचा जीव जाऊ नये. पण जिथे सुरक्षित आहे तिथे एखादी दहा-पंधरा फुटांची भिंत उघडी ठेवून मराठीत एक बोर्ड लावायला किती खर्च येतो? यवतमाळ जिल्ह्यात शिबल्याकडे रस्त्याच्या कामात बेसाल्टचे षटकोनी खांब उघडे पडले तेव्हा पेपरात बातम्या आल्या, लोक बघायला गेले, म्हणजे लोकांना आवड आहे. दाखवणारं कोणी नाही. गिट्टीखदानच्या जुन्या खदानी बुजून वस्ती झाली, ते आता परत येणार नाही, निदान जे उरलंय ते तरी.

तुमचा एखादा वार्ताहर किंवा फोटोग्राफर पाठवणार असाल तर पाऊस संपल्यावर पाठवा, तेव्हा दगडाच्या भिंती धुऊन स्वच्छ झालेल्या असतात आणि थर चांगले उठून दिसतात, काटोल रोडच्या बाजूला कुठे काय दिसतं ते मी दाखवते, सकाळची शाळा सुटली की मी मोकळी असते. येताना बूट घालून या, चप्पल नको, आणि दरडीच्या अगदी खाली उभं राहायचं नाही, तिथला दगड सुटा असतो.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका,
काटोल रोड, नागपूर